काशीत सोडलेलं

सुई टोचली तेव्हा दुखलं नाही. प्रतापरावांनी पोटाची कातडी चिमटीत धरली होती, दात आवळले होते, डोळे मिटले होते. पेनाचं बटण दाबून, डॉक्टरणीनं बजावल्याप्रमाणे मनात आकडे मोजून त्यांनी डोळे उघडले तरी त्यांना वाटत होतं की अजून व्हायचंच आहे. सुई बाहेर काढली. रक्त नाही, काही नाही. डास चावला तर त्यापेक्षा जास्त कळतं. न्हाणीघराच्या दारामागं बनियन वर करून उभ्या असलेल्या त्या बासष्ट वर्षांच्या माणसाला एकदम भडभडून आलं. दुखायला पाहिजे होतं. हैदराबादेत, हिमायतनगरच्या मराठी मंडळात रविवारच्या रविवार ते लोकांना सांगत आले होते, की एकदा का ती सुई पोटात गेली की माणूस माणूस राहत नाही, त्याची चाळणी होते. इतक्या ठामपणे सांगत, की ऐकणाऱ्यांचे हात आपोआप आपापल्या पोटावर जायचे. आणि आता हे असं. दुखलं असतं तर निदान आपण खोटं बोलत नव्हतो एवढं तरी झालं असतं. त्यांनी बनियन खाली केलं, वर सदरा चढवला, पेनाचं टोपण लावलं, आणि आरशात न बघता बाहेर आले.

"घेतलं का?" माधवीनं स्वयंपाकघरातून विचारलं. "मग बसा लगेच. पहिलं धपाटं तव्यावर आहे. डॉक्टरीण म्हणाली ना, घेतल्यावर उपाशी राहायचं नाही." तव्यावर तेल चुरचुरत होतं, ओव्याचा वास घरभर सुटला होता, आणि टेबलावर त्यांचं ताट मांडून ठेवलेलं होतं, शेजारी दह्याची वाटी. प्रतापराव त्या ताटाकडे बघत उभे राहिले. ह्याच टेबलावर काल संध्याकाळी वाढता वाढता माधवी म्हणाली होती, "भामावहिनींचा फोन होता. नामदेवरावांच्या पायाचं बोट काळं पडलंय. डॉक्टर म्हणतात अ‍ॅडमिट व्हा, आणि इन्शुलिन आजच्या आज परत सुरू करा. ते ऐकेनात. गंगेत सोडलंय म्हणतात." एवढं बोलून तिनं भाजी वाढली आणि आत गेली. नवऱ्याच्या तोंडाकडे तिनं पाहिलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माधवी कधी भांडली नाही. तिला जे म्हणायचं असे ते ती न बघण्यातून म्हणत असे, आणि ते प्रतापरावांना बरोबर पोचत असे. आत्ता ते ताट, ती दह्याची वाटी, ते गरम धपाटं, सगळं त्यांना त्या न बघण्यासारखंच वाटलं. नामदेवराव पाय धरून बसलेत आणि आपण सुई टोचून वर दही-धपाटं खायचं. "आलोच जरा," असं काहीतरी पुटपुटून त्यांनी पायात चपला सरकवल्या. मागून माधवीनं हाक मारली, पण तोवर लिफ्टचं दार लागलं होतं.

नारायणगुड्याच्या चौकात रिक्षा मिळाली. "किधर जाना चाचा?" गौलीगुडा म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना कळलं की आपण तिकडंच, नामदेवरावांच्या घरी निघालो होतो. जाऊन काय सांगायचं ते मात्र ठरत नव्हतं. वीज खात्यात असताना कुठं ट्रान्सफॉर्मर जळाला की प्रतापराव गाडीत बसल्या बसल्या रिपोर्टची वाक्यं जुळवत, आणि ती अशी जुळत की पोचेपर्यंत चूक ट्रान्सफॉर्मरचीच ठरलेली असे. आज जुळेना. नामदेवराव, चेष्टा केली होती हो. नामदेवराव, मी कोण सांगणारा, तुम्ही कशाला ऐकलं? दुसरं वाक्य मनात येताच त्यांचे कान गरम झाले. नामदेवरावांनी ऐकू नये तर कुणी ऐकावं? तो माणूस प्रतापरावांचं सगळंच ऐकत आला होता. अफझलगंजला दोरखंड-ताडपत्रीचं चालतं दुकान, हाताखाली माणसं, व्यवहारात कुणाच्या बापाचं न ऐकणारा गडी, पण प्रतापराव म्हटलं की हात जोडायचा. दोघांची गावं उदगीरकडची, जवळ-जवळची. दोघांचे वाडवडील निजामाच्या राज्यात शेत कसलेले. शहरात येऊन एक शिकला आणि एक धंद्यात पडला, तर शिकलेल्याचा शब्द मोठा, असं नामदेवरावांनी स्वतःशीच कधीतरी ठरवून टाकलं होतं. आणि प्रतापरावांना ते आवडत होतं, हे तर रिक्षात बसून एकटंच कबूल करायला हरकत नव्हती. फार आवडत होतं.

मागच्या मार्गशीर्षात मंडळाची काशीयात्रा निघाली होती. काशीला गेलं की काहीतरी सोडून यायचं असतं, आवडीचं एखादं फळ, एखादी भाजी, आणि मग जन्मभर त्याला तोंड लावायचं नाही. नाव मध्यधारेत आली तेव्हा पंडा म्हणाला, यजमान, कुछ छोडिये. मग काय, ज्याला त्याला गंमत. कुणी दोडका सोडला, कुणी कारलं सोडलं, आणि कारलं सोडणाऱ्याला सगळ्यांनी हसून हसून बेजार केलं, की लबाडा, गंगेला फसवतोस होय? माधवीनं मात्र सीताफळ सोडलं. हळूच, कुणाला न ऐकू येईलसं. सीताफळ म्हणजे तिचा जीव, माहेरच्या रानात झाडं होती. यंदा दिवाळीच्या आधी हिमायतनगरच्या फुटपाथवर टोपल्या भरून सीताफळं आली तेव्हा ती तिथून मान वळवून गेली, ते प्रतापरावांनी पाहिलं होतं. तर तेव्हा नावेत नामदेवराव म्हणाले, "मी काय सोडू, भाऊसाहेब?" आणि प्रतापराव, अंगावर शाल, कपाळाला गंध, सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे, अशा ऐटीत म्हणाले, "तुम्ही ते इन्शुलिन सोडा की! इथं सोडलं म्हणजे कायमचं सुटलं." नाव हसली. नामदेवराव हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून पेन काढलं, कपाळाला लावलं आणि ओंजळभर पाण्याबरोबर गंगेत सोडून दिलं. ते लगेच बुडालं नाही. निळं टोपण बराच वेळ वरखाली होत लांब गेलं. तेव्हा बोलता आलं असतं. अहो, चेष्टा केली, दुसरं पेन घ्या. एवढंच. पण नामदेवराव वाकून त्यांच्या पाया पडत होते, आणि पाया पडणाऱ्या माणसाला उठवून, मी मूर्खासारखं बोललो, असं सांगणं प्रतापरावांना जमलं नाही. उलट त्या मोठ्या त्यागापुढं आपलाही त्याग उभा करावा म्हणून त्यांनी ओंजळ भरली आणि मोठ्यानं म्हणाले, "मी साखर सोडली." कुणीतरी जयजयकार केला. हैदराबादला परतल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी नामदेवरावांना मंडळात उभं केलं, बघा म्हणाले, इच्छाशक्ती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता तो आवाज रिक्षाच्या फटफटीतून येत होता आणि त्यांना ऐकायचा नव्हता.

आणि साखर? ती त्यांनी महिनाभर पाळली असेल. घरी अजूनही पाळत होते. बिनसाखरेचा चहा, लोकांच्या घरी गेलं की पुढं केलेल्या बशीवर तळहात ठेवून केलेलं ते नम्र हसू. पण मराठी पेपर वाचायला म्हणून ते अफझलगंजच्या लायब्ररीत जात, आणि तिथून निघताना पाय इराण्याच्या हॉटेलाकडे वळत. इराण्याचा चहा साखरेसकटच उकळलेला, त्यात बिनसाखरेचा म्हणून प्रकारच नाही. तेव्हा आपण साखर मागितलेली नाही, असं प्रतापराव स्वतःला सांगत. मग एक उस्मानिया बिस्कीट, मग दुसरं. कोपऱ्यातलं टेबल, भिंतीकडे तोंड. तिथून नामदेवरावांचं दुकान दूर नव्हतं, म्हणून बाहेर पडताना आधी डोकावून बघायचं. हे सगळं इतकं व्यवस्थित चालू होतं की त्यात पाप आहे असं वाटेनासं झालं होतं. शुगरच्या तपासणीचा दिवस जवळ आला की चार दिवस ज्वारीची भाकरी आणि फिरणं, आकडा ठीक येई, माधवी फोनवर नातेवाइकांना सांगे, ह्यांचं पथ्य म्हणजे पथ्य. मग ही नवी डॉक्टरीण आली. मुलीच्या वयाची, तेलुगू, त्यांच्याशी शहराच्या हिंदीत बोलणारी. तिनं वेगळीच तपासणी करायला लावली आणि कागद पुढं सरकवून म्हणाली, "अंकल, ये तीन महिने का अ‍ॅव्हरेज है. चार दिन का नाटक इसमें नहीं चलता." माधवी शेजारी बसली होती. तिनं कागदाकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे. प्रतापरावांना वाटलं, ह्या पोरीनं आपल्याला इराण्याच्या कोपऱ्यातून कॉलर धरून बाहेर ओढलंय.

"इन्शुलिन सज़ा नहीं है अंकल," ती पुढं म्हणाली होती. "इतने साल में पॅन्क्रियास थक जाता. आपके बॉडी को इन्शुलिन होना, और वो बना नहीं सक रहा. बाहर से देंगे, बस." त्यांनी मान डोलावली, पण सजा हा शब्द तेवढा घरी आला. सजा नाही तर काय? गंगेला शब्द दिला, तो मोडला, तिनं वसूल केलं. इंजिनिअर माणूस, असल्या गोष्टी चारचौघांत बोलला नसता, पण दुपारी पंख्याखाली पडल्या पडल्या हेच मनात फिरत राही. आणि खरं सांगायचं तर ह्या सुईची भीती फार जुनी होती, तिला गंगाबिंगा काही नको होतं. आण्णांना, त्यांच्या वडिलांना, उदगीरहून इथल्या सरकारी दवाखान्यात आणलं होतं तेव्हा प्रतापराव शाळेत होते. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, जाड सुई, आई आण्णांचा दंड धरून तोंड फिरवायची. इन्शुलिन सुरू झालं आणि दिवाळीच्या आत आण्णा गेले. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात इन्शुलिन आणि जाणं ह्या दोन गोष्टी एकाच दोरीत बांधल्या गेल्या. मोठेपणी त्या भीतीला त्यांनी जांभळाच्या बिया, मेथीची पूड, इच्छाशक्ती असली अंगडी-टोपडी चढवली आणि मंडळात मिरवली. डॉक्टरीण म्हणाली होती, आपके फादर को बहुत देर से मिला होगा. उशिरा. आण्णांचा पाय तेव्हा सुजून काळा झाला होता, हे त्यांना त्या क्षणी आठवलं. घोट्यापर्यंत चादर ओढलेली असायची. इतकी वर्षं आठवलं नव्हतं. भीती वाटायची ती सुईची, आणि मारत होतं ते दुसरंच. आणि आता आणखी एक पाय, गौलीगुड्यात, मोज्यात लपवलेला. गेल्या रविवारी नामदेवराव लंगडत आले होते. काय झालं विचारलं तर म्हणाले, खडा लागला. "पण सोडलं ते सोडलं, भाऊसाहेब," असं वर हसून सांगितलं होतं, शाबासकी मागणाऱ्या शाळकरी पोरासारखं. आणि ह्यांनी ती दिली होती. खांद्यावर थोपटलं होतं.

कोठीच्या बाजारापुढं गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा ते उतरले आणि चालायला लागले. ऊन फार नव्हतं, तरी मानेवरून घामाची धार लागली. लाजेनं माणसाला घाम फुटतो, असं त्यांना वाटलं, फुटायलाच पाहिजे. हातगाड्या, हॉर्न, भांड्यांच्या दुकानाची चकाकी, सगळं जरा लांब गेल्यासारखं झालं होतं. छातीत धडधडत होतं. नामदेवरावांचा जिना चढताना कठड्यावरचा स्वतःचा हात थरथरताना त्यांनी पाहिला आणि मनाशी म्हणाले, भितोस? भी. तेच तुझ्या लायकीचं आहे.

भामावहिनींनी दार उघडलं. "या," म्हणाल्या, नुसतं या. एरवी या घरात पाऊल टाकायच्या आत पाण्याचा तांब्या पुढं यायचा. नामदेवराव पलंगावर बसले होते, उजवा पाय उशीवर, बोटांना पट्टी. खोलीत डेटॉलचा वास आणि त्याच्याखाली दुसरा एक वास. ते हात जोडून उठू लागले.

"बसा, बसा," प्रतापराव म्हणाले. "दवाखान्यात का जात नाही तुम्ही?"

"जातो की. पट्टी करून आणलीया. पण ते सुई घ्या म्हणतात." नामदेवराव हसले. "सोडल्यालं परत कसं घ्यावं? मला म्हणले डाक्टर, बोट जाईल. हौ, जाईल तर जाईल म्हणलं. गंगामाईला देल्याला शब्द हाय."

"तुम्हीच समजावा आता," भामावहिनी दारातून म्हणाल्या. आवाज साधा होता, पण 'तुम्हीच'वर त्या जरा थांबल्या. "माझं कुठं ऐकतात. तुमचं ऐकतात."

आता बोलायचं. प्रतापरावांनी तोंड उघडलं आणि त्यांना शब्द सापडेनात. लाजेमुळं नव्हे. शब्द खरोखरच कुठं दिसेनात. ओठ बधिर झाले होते. एकाएकी पोटात अशी आग पडली की समोरची उशीसुद्धा खावीशी वाटावी. नामदेवरावांच्या एका चेहऱ्याचे दोन झाले. आता आपण इथंच जाणार, त्यांना वाटलं, आण्णांसारखं, सुई घेतली आणि गेलो, आणि न बोलताच गेलो.

"अवो, हात बघा ह्यांचे," भामावहिनी म्हणाल्या.

नामदेवराव पुढं झुकले. दुखरा पाय उशीवरून खाली आला तरी त्यांना भान नव्हतं. त्यांनी प्रतापरावांच्या कपाळाला हात लावला, मान चाचपली, आणि ओला झालेला आपला हात बघितला. हा माणूस वर्षानुवर्षं ह्यातून गेलेला होता. "भाऊसाहेब," ते हळूच म्हणाले, "सुई घेतली का तुमी?"

प्रतापरावांनी हो म्हणून मान हलवली.

"आन खाल्लं नाही?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ताट, दह्याची वाटी.

"भामा, साखर आण! पळ! सुई घेऊन उपाशी फिरतंय का कुणी? एवढं बी माहीत नाही?" नामदेवराव ओरडले. मंडळात उभं राहून सुईविरुद्ध बोलणाऱ्या माणसाला सुईबद्दल एवढंसुद्धा माहीत नव्हतं. भामावहिनींनी साखरेचा डबाच आणला, प्रतापरावांचा तळवा ओढून त्यावर मूठभर ओतली आणि दटावून म्हणाल्या, "खावा. चघळत बसू नका, खावा." तळहातावरच्या त्या पांढऱ्या ढिगाकडे प्रतापराव क्षणभर बघत राहिले. समोर नामदेवराव होते. नावेत ओंजळ भरली तेव्हाही समोर हेच होते. मग त्यांनी तळहात तोंडाला लावला आणि गुरानं पेंड खावी तशी साखर खाल्ली. दाणे ओठांना, मिशीला, सदऱ्याला चिकटले. वहिनींनी पाणी दिलं. त्यांनी आणखी मागितली, आणखी खाल्ली. हळूहळू भिंतीवरचं कॅलेंडर एकाचं एक झालं, धडधड खाली बसली. रस्त्यावरचा हॉर्न पुन्हा जवळून ऐकू यायला लागला. मेलो नाही. एवढंच होतं हे. साखर खाल्ली आणि गेलं.

नामदेवराव त्यांच्याकडे बघत होते.

"साखर सोडली होती ना तुमी?"

"सोडली होती."

"मग आज...?"

हो म्हणून सुटता आलं असतं. जिवावर बेतलं, आज पहिल्यांदा तोंडात घातली. नामदेवरावांनी तर हात जोडले असते. वाक्य तयार होतं, जुळलेलं होतं. प्रतापरावांनी मिशीवरचे दाणे पुसले. "आजच नाही," ते म्हणाले. "काशीहून आल्यावर महिनाभर पाळली. तेव्हापासून खातोय. तुमच्या दुकानापासून हाकेवर, इराण्याकडं. भिंतीकडं तोंड करून." त्यांचा आवाज फुटला. "माझी शुगर कधीच ताब्यात नव्हती, नामदेवराव. मी सगळ्यांना फसवलं. नावेत मी चेष्टा केली होती. तुम्ही पाया पडलात, मग मला सांगता येईना. मला ते बरं वाटलं."

भामावहिनी डब्याचं झाकण हातात धरून तशाच उभ्या होत्या. नामदेवरावांच्या चेहऱ्यावर राग शोधावा तर तो दिसत नव्हता. काहीतरी विचारावं की नाही, असं चाललं होतं. मग त्यांनी आवाज एकदम खाली आणून विचारलं, "मग काय झालं का?"

"काय?"

"शब्द मोडला म्हणून. गंगामाईनं... काय केलं का तुमाला?"

प्रतापरावांना कळलं की हा माणूस काय मागतोय. दुपार-दुपार पंख्याखाली त्यांनी ह्याच प्रश्नाचं उत्तर स्वतःला दिलं होतं: केलं, ही सुई म्हणजे तेच. ते उत्तर आत्ता ह्या खोलीत दिलं तर नामदेवरावांचं बोट जाईल, मग पाय जाईल, मग नामदेवराव जातील, आणि वर गंगेची भीती खरी ठरेल. पण खोटंही बोलायचं नव्हतं, आज तरी नाही. त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला, सकाळी टोचलेली जागा शोधली. बोटांना ती सापडली नाही.

"काही केलं नाही," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना ते पटलं. "तिला कशाला पाहिजे आपलं इन्शुलिन? माझं शरीर थकलंय, त्याला औषध लागतं, ते आज घेतलं. दुखतसुद्धा नाही हो. तुम्हाला तर माहीतच होतं ते. तुम्ही माझ्यामुळं विसरलात."

नामदेवरावांनी पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "मला लई भ्या वाटत होतं," ते म्हणाले. "वास यायला लागला तवापासून. पण तुमाला काय वाटंल म्हणून..."

तेवढं ऐकलं आणि प्रतापरावांनी मान खाली घातली. माफ केलं असं कुणी म्हणालं नाही, आणि त्यांना ते मागायचंही नव्हतं. नामदेवराव भिंतीला धरून उठायची खटपट करू लागले. "भामा, दवाखान्याची पिशवी भर. जाऊ आत्ताच."

भामावहिनी हलल्या नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण दाबून लावलं, नीट बसलंय का ते पाहिलं आणि मग प्रतापरावांकडे वळल्या. डोळे कोरडे होते.

"भाऊजी, आत धपाटी केलीत, दोन खाऊन घ्या. रस्त्यात परत पडाल," त्या म्हणाल्या. "मग न्या ह्यांना. पण ह्यांचं बोट गेलं, तर मी तुम्हाला माफ करणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"नका करू, वहिनी," प्रतापराव म्हणाले, आणि नामदेवरावांना उठवायला त्यांच्या काखेत हात घातला.